बर्फावर वाढवलेलं कमळ

वनस्पतींचं वर्गीकरण हे माणसाच्या हातून झालेलं सर्वांत निःस्वार्थ काम आहे. ज्याला त्याला त्याच्या कुळात नेऊन बसवायचं, कुणाचा मान राखायचा नाही की कुणाचा अपमान करायचा नाही, पाकळ्या मोजायच्या आणि खरं ते लिहायचं. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते तोवर दर जूनमध्ये नव्या वर्गासमोर मी हे म्हणत असे. वाक्य चांगलं होतं. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा ते वहीत उतरवून घेत. पुढे मी निवृत्त झाले, आणि वर्गीकरण प्रत्यक्षात कोण करतं आणि कशासाठी करतं, हे मला अर्ध्या कापलेल्या एका निळ्या प्लास्टिकच्या पिंपापाशी उभं राहून कळलं.

पाण्यात उगवलं आणि बरं दिसलं की ते कमळ, इतकं आपल्याकडचं वर्गीकरण सोपं आहे. कधी कधी तर पाण्याचीही अट नसते. कुंपणावरच्या वेलाला आपण कृष्णकमळ म्हणतो. गच्चीवरच्या कुंडीत जे फुलतं आणि ज्याच्यासाठी शेजाऱ्यांना हाका मारून चहा पाजतात, ते ब्रह्मकमळ हा एक निवडुंग आहे. खरं कमळ आपलं पान पाण्याच्या वर उचलून धरतं. कुमुदाचं, म्हणजे ज्याला आता सगळे वॉटर लिली म्हणतात त्याचं, पान पाण्यावर आडवं पडून राहतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. ही दोघं एकाच तळ्यात नांदतात, कॅलेंडरांवरच्या देवींच्या हातात एकमेकांची जागा घेतात, आणि त्यांचं आपसात नातं काहीही नाही. बंगलेवाले कुंपणाला लावतात तो सिल्व्हर ओक कमळाला कुमुदापेक्षा जवळचा आहे. हे मी वर्गात सांगितलं की मुलं हसायची. बाईंना विनोद करता येतो असं त्यांना वाटे.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, सुपारीच्या वाड्यांमध्ये दडलेलं. गेल्या काही वर्षांत वाड्यांच्या मध्ये मध्ये बंगले उभे राहिले. बंगलेवाले शुक्रवारी येतात आणि रविवारी जेवून जातात. त्यांतले एक गृहस्थ मात्र निवृत्तीनंतर इथेच राहायला आले. मुंबईत ते कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर होते. हुद्दा गेला, पण ‘मुद्दे तीन आहेत’ असं म्हणून बोलायला सुरुवात करण्याची सवय गेली नाही. इथे त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी मंडळ काढलं. मंडळात आठ बंगल्यांचे आठ मालक. मंडळाचं नाव इतकं लांब की फलकावर ते दोन ओळींत बसवावं लागलं, आणि दुसरी ओळ तरीही तारेच्या कुंपणामागे गेली. मी ते इथे देत नाही. लेटरहेड आधी छापलं, वनस्पती नंतर आल्या. हे गृहस्थ अर्थातच अध्यक्ष झाले.

मंडळाचा विषय होता थंड प्रदेशातली लहान कुमुदं. का, हे मी एकदा विचारलं होतं.

“मोठं कुणीही वाढवतं मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. “लहान वाढवायला व्यासंग लागतो.”

इथे थोडं वनस्पतिशास्त्र सांगणं भाग आहे. कुमुदांचे ढोबळ दोन गट. आपल्याकडची उष्ण प्रदेशातली कुमुदं, ज्यांच्या पानाची कड बहुधा दातेरी असते, फूल देठावर पाण्याच्या वर उभं राहतं आणि चिखलात खाली गोल कंद असतो. आणि थंडी सोसणारी, ज्यांच्या पानाची कड गुळगुळीत, फूल पाण्यावर टेकलेलं आणि खाली जाडसर खोड. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत या दुसऱ्या गटाला हार्डी म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच की तळं गोठलं तरी ही मरत नाहीत. पानं गाळतात, चिखलातल्या खोडात जीव धरून झोपतात आणि वसंतात उठतात. उन्हाळ्याबद्दल त्या पुस्तकांनी काहीही कबूल केलेलं नाही. त्यांतल्या काही मोठ्या संकर जाती आपल्याकडेही बऱ्या फुलतात. पण मंडळाला हवी होती ती सर्वांत लहान. पान तळहाताएवढं, फूल पांढरं, अंजिराहून थोडं मोठं, भरदुपारी उघडणारं. फुलाखाली चार हिरवी दलं, आणि ती जिथे जुळतात तिथलं बूड चक्क चौकोनी. त्या चौकोनावरूनच तिचं लॅटिन नाव पडलं आहे. ही सैबेरियापर्यंतच्या थंड तळ्यांतली रहिवासी. तिला आमच्याकडच्या दमट हवेत का बोलवावं याचं उत्तर व्यासंग हेच असू शकतं.

अध्यक्षांनी ती दोनदा मागवली आणि ती दोनदा मेली. पहिल्यांदा मे महिन्यात, दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या उन्हात. दोन्ही वेळा मंडळाने चौकशी केली आणि दोन्ही वेळा दोष एकाच व्यक्तीवर आला.

ती व्यक्ती माझी विद्यार्थिनी. म्हसळ्याकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. अकरावीला माझ्या वर्गात होती, बारावीच्या आधी तिचं लग्न झालं. नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी, महिन्यातले बरेच दिवस पाण्यात. ती अध्यक्षांचा बंगला सांभाळायची, आणि त्याबदल्यात बंगल्यामागची एक खोली तिला राहायला होती. तिची लेक त्या वर्षी दहावीला. शाळा समोरच. अध्यक्ष तिला मावशी म्हणत. वयाने ती त्यांच्या धाकट्या मुलीएवढी. पण मुंबईकडे घरकामाची प्रत्येक बाई मावशी असते, आणि तेही एक वर्गीकरणच आहे.

तिसरं रोप दिवाळीनंतर आलं, तेव्हा अध्यक्षांनी तिला पिंपापाशी उभं करून सांगितलं, “मावशी, मुद्दे दोनच आहेत. हे जगलं तर उत्तम. गेलं, तर मला मुंबईहून ट्रेन्ड माणूस आणावा लागेल, आणि त्याला खोली लागेल.”

लेकीची परीक्षा मार्चमध्ये होती. रोप जानेवारीपर्यंतही टिकेल असं मला वाटत नव्हतं. माझं घर शेजारीच. मी कुंपणाच्या या बाजूला फुलं तोडत होते, आणि हे ऐकून मला पहिल्यांदा त्या कुमुदाच्या तब्येतीची काळजी वाटली.

डिसेंबरात अध्यक्ष माझ्याकडे आले. हातात एक फाइल.

“मॅडम, निदान झालं. आपण तिला हिवाळाच देत नाही. ती झोपणार केव्हा? झोपली नाही तर उठणार कशी?”

निदान चुकीचं नव्हतं, हेच त्यातलं वाईट. अर्ध्या बरोबर विचारावर माणूस जितका हटून बसतो तितका पूर्ण चुकीच्या विचारावर बसत नाही.

“खरं आहे,” मी म्हटलं. “पण श्रीवर्धनला डिसेंबरात आम्ही पंखा लावतो.”

“म्हणूनच हस्तक्षेप करायचा. बर्फ.”

“बर्फ कुठला?”

“बंदरावरचा. कारखाना आहे की.”

बंदरावरचा कारखाना बर्फ करतो तो मासळीसाठी. लोखंडी उभट डब्यांत पाणी भरतात, डबे मिठाच्या थंडगार पाण्यात बुडवून ठेवतात, आणि सकाळी लाद्या काढून बोटींवर चढवतात. त्यातल्या दोन लाद्या आता एक दिवसाआड गोणपाटात गुंडाळून, वर भाताचा तूस पसरून, रिक्षातून अध्यक्षांच्या फाटकात उतरू लागल्या. माझ्या विद्यार्थिनीने त्या मोगरीने फोडायच्या आणि दिवसातून तीनदा पिंपात सोडायच्या. भिंतीवर तक्ता लावला होता: वेळ, पाण्याचं तापमान, सही. कोकणातल्या एका पिंपात अशा रीतीने सैबेरियाचा अधिकृत हिवाळा सुरू झाला.

त्याची पहिली दखल मांजरांनी घेतली. ज्या बर्फावर आयुष्यभर बांगडे झोपले आहेत त्या कारखान्यातून आलेल्या बर्फाला स्वतःचा असा एक वास असतो. तिसऱ्या दिवसापासून पिंपाभोवती पाच-सहा मांजरं गोलाकार बसू लागली. डोळे मिटलेले, शेपट्या पायांभोवती, कोणी बोलत नाही. मंडळाच्या बैठकांपेक्षा शिस्त बरी होती आणि विषयाशी संबंधही अधिक होता.

नाताळच्या सुट्टीत सगळे सभासद आले, मांजरं हाकलली गेली, आणि ‘हिमोपचार’ या विषयावर अध्यक्षांचं भाषण झालं. दातांचे एक डॉक्टर सभासद होते, ते मला म्हणाले, “काय कल्पना आहे! आम्ही आपले फ्रीजमध्ये ठेवायचा विचार करत होतो.” मी म्हटलं, त्यात निदान मिठाचा प्रश्न आला नसता. ते हसले. त्यांनाही वाटलं मला विनोद करता येतो.

सुट्टी संपली, सभासद गेले, आणि दोन-चार दिवसांनी दुपारी माझी विद्यार्थिनी आमच्या ओटीवर येऊन बसली. पदराने मान पुसली. पाणी दिलं ते प्यायली नाही.

“बाई, मेलं.”

“काय?”

“सायबांचं कमळ. पानं पिवळी झालीच व्हती. आज ओढून बघितलं तर खालनं नुसता लगदा. आनि वास असा, की मांजरांनी पण पाठ फिरवली.”

“बर्फ खारट असणार.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुला कसं कळलं?”

“आमचे हे म्हनतात ना. बोटीवर त्या बर्फाचं पानी चहाला घेत न्हायत. डबे गंजलेत, मीठ आत झिरपतं. मी सायबांना पयल्याच दिवशी सांगितलं. ते म्हनाले, मावशी, हा तुमचा विषय न्हाय.”

लहान असो की मोठं, कुमुदाला मीठ चालत नाही. हे मी तिला अकरावीत शिकवलेलं होतं की नाही हे आता आठवत नाही, पण तिच्या नवऱ्याला ते चहाच्या घोटावरून ठाऊक होतं.

“मग सांगून टाक ना त्यांना, की बर्फाने मारलं,” मी म्हटलं. “खरं आहे ते.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच सांगा बाई. तुम्हाला कुठं खोली खाली करायची हाय?”

मी चप्पल घातली आणि गेले.

अध्यक्ष व्हरांड्यात लिहीत बसले होते. हिमोपचारावरची टिपणी कुठल्यातरी मासिकाला पाठवायची होती. मी बाजूने सुरुवात केली: बर्फ कसा करतात, डबे, गंज, मीठ, मुळांवर त्याचा काय परिणाम होतो. माणसं निकाल ऐकतात त्याआधी कारण ऐकून घेतील, हा शिक्षकांचा भाबडेपणा. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे बर्फ धुवून घालायला हवा होता. मी तक्त्यात तसं लिहिलं नव्हतं, हे मान्य. पण ट्रेन्ड माणसाने विचारलं असतं. बघितलंत मॅडम? अडचण नेमकी तीच आहे. बरं झालं सांगितलंत.” आणि त्यांनी टिपणीच्या समासात काहीतरी लिहून खाली रेघ मारली.

रोप मेलंय हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी परत घेऊन आले.

ती ओटीवरच होती. “सांगितलंत?”

“अर्धं.”

“कुठलं अर्धं?”

“मिठाचं.”

“आनि मेल्याचं?”

मी चप्पल काढून ठेवली. तिला सगळं कळलं. अकरावीतसुद्धा तिला उत्तरपत्रिका हातात येण्याआधी मार्क कळायचे. “बरं,” एवढंच म्हणाली आणि उठली. बर्फ फोडायची वेळ झाली होती. मेलेल्या रोपाला हिवाळा देणं चालू ठेवावं लागणार होतं, कारण तक्त्यावर सही लागत होती.

त्यानंतर महिनाभर मी त्या फाटकाकडे फिरकले नाही. आपण निर्मळ शास्त्र घेऊन गेलो आणि एका बाईची खोली आणखी चार बोटं निसटवून आलो, हे काही मिरवण्यासारखं नव्हतं.

मग फेब्रुवारीत निमंत्रण आलं. जाड कागद, सोनेरी किनार. ‘भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच’ अशी सुरुवात. खाली अध्यक्षांचा कोटातला फोटो, आणि कोपऱ्यात, फोटोच्या बटणाएवढं, एक पांढरं फूल. सोहळ्याला नाव ‘पुष्पोन्मीलन’. प्रमुख पाहुणी म्हणून माझं नाव, माझ्या नकळत. कार्यक्रमपत्रिकेत एकोणीस बाबी होत्या. अकरावी बाब: प्रमुख पाहुण्यांकडून शास्त्रीय वर्गीकरण.

मी फोटोतल्या फुलाला भिंग लावलं आणि जायचं ठरवलं.

सोहळा रविवारी सकाळी. फाटकाला झेंडूची तोरणं, पिंपालाही झेंडूचा हार. दीपप्रज्वलनाची समई समुद्रावरच्या वाऱ्याने तीनदा विझली. चौथ्यांदा अध्यक्षांनी ती पेटली असं जाहीर केलं. स्वागतगीत झालं. शाली झाल्या, त्या उन्हात पांघरून बसायच्या. प्रास्ताविक चालू असताना, तब्येतीचं निमित्त करून, मी खुर्चीवरून उठले आणि पिंपापाशी गेले. माझी विद्यार्थिनी तिथे पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होती. नवी साडी, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

पाणी स्वच्छ होतं. त्यावर गोल, चीर असलेली हिरवीगार पानं पसरली होती, कड गुळगुळीत. मधून मधून पांढरी फुलं, घशाशी पिवळी, पाकळ्यांवर कापसासारखी बारीक लव. सुंदर होती. पाकळ्या पाच. हिरवी दलं पाच. फुलं एकेकटी नव्हेत, पानाच्या देठालाच चिकटून झुबक्याने आलेली.

मी वाकून म्हटलं, “कुठली ग?”

“शेताकडच्या तळीतली.”

“कुमुदिनी.”

“व्हय. तुम्हीच दाखवलेली, सहलीला. दिसायला कुमुदाच्या कुळातली वाटते, पन न्हाय म्हनून. पेपरात फरक लिहा म्हनून आलेला.”

“बर्फ?”

“बर्फ येतो. मी तो बाजूला वितळवते, मांजरं चाटतात. पिंपात आडाचं पानी.” तिने ट्रे सरळ केला. “पाच पाकळ्या हायत बाई. पन मोजनार कोन?”

मोजणारी मीच होते, आणि ते तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची लेक मागच्या खोलीच्या दारात भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

मी जागेवर आले तोवर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं. मुद्दे सात होते. सहाव्या मुद्द्यात त्यांनी सांगितलं की हिमोपचाराने हे यश मिळालं असून आता हा ठेवा अप्रशिक्षित हातांत ठेवणं जबाबदारीचं होणार नाही. म्हणून पुढच्या आठवड्यापासून मुंबईहून एक तज्ज्ञ माणूस इथे राहायला येत आहे. टाळ्या पडल्या. ट्रेमधला एक ग्लास कलंडला.

म्हणजे रोप मेलं तरी खोली जाणार होती आणि फुललं तरी जाणार होती. नियमांची इतकी निःपक्षपाती रचना मी वर्गीकरणाच्या पुस्तकांतही पाहिलेली नाही.

अकरावी बाब आली. मला माइक दिला. तोंडासमोर आठ बंगले, त्यांच्या बायका, दोन-तीन पत्रकार म्हणवणारे, आणि कडेला गावातली काही माणसं, ज्यांनी ती वनस्पती जन्मभर खाचरातून उपटून बांधावर फेकली होती. ती माणसं गप्प होती. वडे अजून यायचे होते.

मी बोलले ते असं. पान तरंगतं, गोल आहे, कड गुळगुळीत आहे. फूल लहान, पांढरं, दिवसा उमलणारं. मुळं चिखलात. ही वनस्पती या किनाऱ्यावर उत्तम तग धरते असं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. यातला शब्द न् शब्द खरा होता. टाळ्या झाल्या. मग मी म्हटलं की शास्त्रात नुसत्या भाषणाला किंमत नसते. नमुना दाबून, वाळवून कागदावर चिकटवावा लागतो, खाली चिठ्ठी लागते, तेव्हा नोंद होते.

“अवश्य,” अध्यक्ष म्हणाले. “फ्रेम करू.”

“चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव लागतं. ज्याने पाण्यातून हाताने काढलं त्याचं.”

“माझं लिहा.”

“तुम्ही काढलं नाही. अध्यक्षांनी पाण्यात हात घालणं बरं दिसत नाही. वर मंडळाचं नाव ठळक छापू, दोन ओळींत. गोळा करणारी ही.” मी ट्रेकडे बोट केलं. “आणि एकदा तिचं नाव लागलं की पुढचे नमुनेही तिनेच काढायला हवेत. हात बदलला की नोंदीची साखळी तुटते. मग ‘प्रथमच’ म्हणता येत नाही.”

हे शेवटचं कुठल्याही पुस्तकात नाही. सगळी नोकरी मी खरं ते लिहा असं सांगत घालवली, आणि उपयोगी पडलं ते हे. त्याबद्दल मला वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं नाही, आणि वाटलंही नाही.

अध्यक्षांनी हातातलं निमंत्रण उघडून पाहिलं. ‘प्रथमच’ हा शब्द निमंत्रणावर सोनेरी अक्षरांत होता.

“म्हणजे मावशींनाच ठेवावं लागेल?”

“शास्त्राच्या दृष्टीने.”

“मग ट्रेन्ड माणसाचं राहू दे,” ते म्हणाले, आणि माइकमध्ये आठवा मुद्दा म्हणून ते जाहीर केलं. माझ्या विद्यार्थिनीने ट्रे खाली ठेवला आणि पाण्यात हात घालून एक झुबका देठासकट काढला. काढायची पद्धत बरोबर होती: मूळ न तुटता, पान आणि फूल एकत्र. सहलीवर शिकवलेलं.

नमुना मी घरी दोन आठवडे वर्तमानपत्रांत दाबला. चिठ्ठी स्वतः लिहिली. लॅटिन नाव, खरं. कुळ, खरं. अधिवास: गोड्या पाण्याची उथळ तळी, भातखाचरं. आढळ: विपुल. गोळा करणारी म्हणून तिचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, जसं कॉलेजच्या हजेरीपटावर होतं. अध्यक्षांनी ती सगळी वाचली. लॅटिन दोन शब्दांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वा.” फ्रेम बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर लागली. इतकी उघडी कबुली इतक्या उजेडात टांगलेली मी दुसरी पाहिलेली नाही. तिथे जेवायला येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यासमोर उभा राहतो. डॉक्टरांनी तिच्याबरोबर फोटोही काढला.

याच डॉक्टरांमुळे एकदा सगळं फुटायची वेळ आली. पुढच्या पावसाळ्यानंतर ते शेताकडे फिरायला गेले आणि धापा टाकत परतले. तळीत, खाचराच्या कडेला, ओढ्याच्या डबक्यात, सगळीकडे तेच फूल. मी त्या वेळी बंगल्यावर होते. मला वाटलं, संपलं. माझी विद्यार्थिनी चहा घेऊन दारात थबकली.

अध्यक्ष उठून उभे राहिले. “पसरलं!” ते म्हणाले. “माझ्या पिंपातून! बी वाहून गेलं असणार.”

“वर्षभरात एवढं?” डॉक्टर म्हणाले.

“मॅडम, शक्य आहे?”

मी माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. तिची लेक पहिल्या वर्गात पास होऊन त्याच शाळेच्या अकरावीत गेली होती, आणि खोली अजून लागणार होती.

“ती या हवेत झपाट्याने वाढते, हे खरं आहे,” मी म्हटलं. तेही खरंच होतं.

मंडळाने तळीकाठी लोखंडी फलक लावला आहे. या परिसरातील दुर्मिळ हिमप्रदेशीय कमळांचं संवर्धन मंडळाच्या प्रयत्नांतून झालं असून ती तोडू नयेत. ज्यांची खाचरं तिथे आहेत ते लोक पहिल्यांदा वाचून एकमेकांकडे बघत राहिले.

“म्हंजे हे ह्यांनी लावलं?” एकाने विचारलं.

“असंल,” दुसरा म्हणाला. “आमच्या आज्याच्या आदी आले असतील.”

ते अजूनही ती उपटतात, फक्त आता फलकाच्या मागच्या बाजूने. बर्फ आता येत नाही; आपल्या जातीने हवामान जिंकलं असं अध्यक्षांनी ठरवलं आहे. मांजरं काही दिवस येऊन बसत होती, मग त्यांनीही मंडळ सोडलं.

फ्रेमची काच दर सणाला पुसली जाते आणि तिला झेंडूचा हार घालतात. घालणारी माझी विद्यार्थिनीच, आणि दर वेळी हार घालताना ती माझ्याकडे बघायचं टाळते. चिठ्ठीवरचं कुळ कुमुदांचं नाही, कमळाचंही नाही. कुळाच्या वरची पायरी म्हणजे गण, आणि त्या वनस्पतीचा गण झेंडूचा आहे.